बूर्बाँ : एका उन्हाळ्या झऱ्याच्या नावाचा प्रवास

दोन चॉकलेटी बिस्किटं, मध्ये क्रीम, वरून साखरेचे कण : 'बोरबॉन'चा पुडा आपल्याकडे कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. अमेरिकेत मक्यापासून गाळलेल्या व्हिस्कीला 'बर्बन' म्हणतात. मादागास्करहून येणाऱ्या व्हॅनिलाच्या शेंगांवर 'बूर्बाँ व्हॅनिला' असं लिहिलेलं असतं. कॉफीचा एक जुना वाण या नावाचा आहे, गुलाबाचं एक अख्खं कुळ या नावाचं आहे. स्पेनच्या आजच्या राजाच्या, सहाव्या फेलिपेच्या आडनावात ते आहे आणि पॅरिसमध्ये फ्रान्सची लोकसभा ज्या वास्तूत भरते ती वास्तू म्हणजे 'बूर्बाँ महाल'. उच्चार देशागणिक बदलतो, नाव मात्र एकच. मुळात ते एका गावाचं नाव आहे. फ्रान्सच्या जवळजवळ मध्यभागी, आल्ये नावाच्या जिल्ह्यात, बूर्बाँ-लार्शांबो म्हणून एक लहानसं गाव आहे. तळ्याकाठी एक पडका किल्ला, गरम पाण्याचे झरे आणि स्नानगृहं, एवढंच त्याचं वैभव.

गावांची नावं परदेशी जातात ती बहुधा माणसांबरोबर. लोक घर सोडून दूर देशी वस्ती करतात आणि नव्या वस्तीला जुन्या गावाचं नाव देतात. बूर्बाँचं तसं झालं नाही. या गावातले लोक कुठे मोठ्या संख्येनं गेले आणि त्यांनी नवं बूर्बाँ वसवलं, असं घडलेलं नाही. नाव गेलं ते मालकीच्या वाटेनं : गावाकडून गावाच्या धन्याकडे, धन्याकडून राजघराण्याकडे, राजघराण्याकडून बेटाकडे आणि परगण्याकडे, तिथून मालाकडे. प्रत्येक टप्प्यावर नाव कोणी दिलं आणि का दिलं हे सांगता येतं, म्हणून हा प्रवास सावकाश पाहण्याजोगा आहे.

आधी झरा. रोमन लोक येण्यापूर्वी या प्रदेशात गॉल लोक राहत. त्यांच्या भाषेत उकळणं, बुडबुडे येणं या अर्थाचा एक धातू होता आणि त्याच धातूपासून झालेलं 'बोर्वो' किंवा 'बोर्मो' हे त्यांच्या एका देवाचं नाव होतं. बोर्वो हा उन्हाळ्या झऱ्यांचा, आजार बरे करणाऱ्या पाण्याचा देव. रोमन काळात लॅटिनमध्ये कोरलेले त्याच्या नवसाचे शिलालेख सापडले आहेत. त्यांत पुष्कळदा त्याच्या जोडीला दामोना नावाची देवीही असते. रोमन रस्त्यांच्या एका जुन्या नकाशाची मध्ययुगीन नक्कल आज उपलब्ध आहे, तिच्यावर 'आक्वे बोर्मोनिस' म्हणजे बोर्मोचं पाणी असं ठिकाण दाखवलेलं आहे. ते हेच गाव, असं मानतात.

जिथे गॉल लोकांना जमिनीतून वाफाळतं पाणी येताना दिसलं, तिथे हे नाव उमटलं. म्हणून फ्रान्समध्ये या नावाची एकाहून अधिक गावं आहेत : बूर्बाँ-लांसी, बूर्बॉन-ले-बँ, ला बूर्बूल. बूर्बाँ-लार्शांबो धरून ही चारही गावं आजही उन्हाळ्या पाण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. ती एकमेकांवरून नाव घेऊन वसलेली नाहीत. सारख्याच झऱ्यांना सारखंच नाव स्वतंत्रपणे मिळालं. आपल्या कोकणात दापोलीजवळचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे आणि पालीजवळचं उन्हेरे ही जशी तीन वेगळी गावं, तसंच हे. नावाच्या प्रसाराचा हा पहिला प्रकार, आणि तो फार दूर जात नाही. ज्या भाषेत तो शब्द कळतो तिच्या सीमेवर तो थांबतो. गॉल भाषा पुढे नामशेष झाली आणि 'बूर्बाँ' म्हणजे काय हे बोलणाऱ्यांना कळेनासं झालं. माझ्या मते नावाच्या पुढच्या प्रवासाला हीच गोष्ट उपयोगी पडली. ज्या नावाचा अर्थ लोकांच्या डोळ्यांसमोर असतो ते दुसरीकडे नेऊन लावणं अवघड जातं. अर्थ गळून गेलेलं नाव कशालाही चिकटू शकतं.

त्यानंतर किल्ला. इसवी सन ७६१ मध्ये फ्रँकांचा राजा पेपँ याने आक्विताइनच्या सरदाराशी लढताना बूर्बाँचा किल्ला घेतल्याची नोंद आहे. दहाव्या शतकापासून इथे एक सरदार घराणं नांदताना दिसतं. त्यातल्या अनेक पुरुषांचं नाव आर्शांबो होतं. दुसऱ्या बूर्बाँपासून वेगळं ओळखू यावं म्हणून गावाला 'आर्शांबोचं बूर्बाँ' म्हणजे बूर्बाँ-लार्शांबो म्हणू लागले. या घराण्याने आसपासचा मुलूख जोडत नेला, त्या साऱ्या मुलखाला 'बूर्बोने' हे नाव पडलं आणि राजधानी गावातून उठून मूलँ शहरात गेली. गाव मागे पडलं, नाव प्रांताचं झालं.

तेराव्या शतकात एका लग्नाने सगळं बदललं. फ्रान्सचा राजा नववा लुई, ज्याला पुढे चर्चने संत ठरवलं, त्याचा एक धाकटा मुलगा रोबेर. त्याने १२७२ मध्ये बूर्बाँची वारसदार बेआत्रीस हिच्याशी लग्न केलं. धाकट्या राजपुत्राला गादी मिळण्याची आशा नव्हती; बायकोकडून जहागीर मिळाली आणि वंशजांनी तिचंच नाव लावलं. १३२७ मध्ये त्यांचा मुलगा लुई बूर्बाँचा पहिला ड्यूक झाला. रक्त राजाचं आणि नाव एका झऱ्याचं, अशी ही जोडी इथे जमली. बेआत्रीसच्या नावाशिवाय हे घराणं इतिहासात दुसऱ्याच कुठल्या तरी नावानं ओळखलं गेलं असतं.

आता एक लक्षात घेण्याजोगी घटना. १५२३ मध्ये घराण्याच्या थोरल्या शाखेचा ड्यूक शार्ल फ्रान्सच्या राजाशी बिनसल्यामुळे सम्राट पाचव्या चार्ल्सला जाऊन मिळाला. १५२७ मध्ये रोमवर हल्ला करताना तो तटाखाली मारला गेला. त्याचा मुलूख राजाने जप्त केला. म्हणजे बूर्बाँ नावाच्या माणसांकडे आता बूर्बाँ गाव उरलं नव्हतं. तरी व्हांदोमला असलेल्या धाकट्या शाखेनं नाव सोडलं नाही. गावाचं नाव गावापासून पूर्ण सुटून आडनाव झालं ते या काळात. याच धाकट्या शाखेतला आंरी १५८९ मध्ये, व्हालवा घराण्याचा शेवटचा राजा निपुत्रिक वारल्यावर, चौथा आंरी म्हणून फ्रान्सच्या गादीवर आला. तेराव्या शतकातल्या त्या धाकट्या राजपुत्राची वंशरेषा तीनशेहून अधिक वर्षांनी सिंहासनापाशी पोचली. पुढे १७०० मध्ये चौदाव्या लुईचा नातू स्पेनचा राजा झाला, आणि नाव नेपल्स आणि पार्मापर्यंतही गेलं.

राजघराण्याचं नाव झालं की त्याच्या मागे सत्ता उभी राहते आणि मग ते कुठेही देता येतं. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला एक ज्वालामुखीचं बेट आहे. तिथे कोणी राहत नव्हतं, त्यामुळे तिथल्या लोकांनी दिलेलं जुनं नाव पुसावं लागलं नाही. मादागास्करमधल्या फ्रेंच ठाण्याचा प्रमुख एत्येन द फ्लाकूर याने १६४९ मध्ये त्याला 'बूर्बाँ बेट' हे नाव दिलं. आजचं रेयुनियन ते हेच.

या बेटाची नावं पाहिली की फ्रान्सचं राजकारण वाचता येतं. राज्यक्रांतीत राजा गेला, तेव्हा १७९३ मध्ये बेट 'रेयुनियन' झालं. १८०६ मध्ये ते 'बोनापार्त बेट' झालं. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं आणि पुन्हा 'बूर्बाँ' केलं. फ्रान्सला परत मिळाल्यावरही तेच नाव राहिलं, कारण तिथे तेव्हा बूर्बाँ राजे परत आले होते. १८४८ मध्ये राजेशाही संपली आणि रेयुनियन हे नाव कायम झालं. खुद्द फ्रान्समध्येही हाच खेळ चालला होता. क्रांतीच्या काळात बूर्बाँ-लार्शांबोला 'ब्यूर्ज-ले-बँ' असं नाव देण्यात आलं, म्हणजे ज्या गावानं राजघराण्याला नाव दिलं त्या गावालाच राजघराण्यामुळे आपलं नाव काही काळ गमवावं लागलं. बूर्बोने प्रांत मोडून त्याचा जिल्हा केला गेला आणि त्याला आल्ये नदीचं नाव मिळालं. पश्चिमेला नेपोलियनने १८०४ मध्ये वसवलेलं 'नापोलेओं' नावाचं शहर त्याच्या पाडावानंतर 'बूर्बाँ-व्हांदे' झालं, पुढे पुन्हा 'नापोलेओं', मग 'नापोलेओं-व्हांदे', आणि १८७० मध्ये ते 'ला रोश-स्युर-यों' या आपल्या जुन्या, तटस्थ नावावर स्थिरावलं. सरकारी आदेशाने नाव देता येतं तसं काढूनही घेता येतं.

मालाच्या नावाचं मात्र तसं नसतं. बूर्बाँ बेटावर १७१५ मध्ये येमेनहून कॉफीची रोपं आणली, त्यातली अगदी थोडी जगली. त्या मोजक्या झाडांपासून वाढलेला वाण पुढे पूर्व आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत गेला, आणि आजही शेतकरी आणि कॉफी पारखणारे त्याला बूर्बाँच म्हणतात. बेटावर कुंपणाला गुलाब लावत : चीनकडून आलेला एक आणि दमास्क जातीचा एक. दोघांचा आपोआप संकर झाला. १८२०च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला गेलं आणि तिथे बूर्बाँ गुलाबांचं कुळ सुरू झालं. भारतात गुलाबाची कलमं बांधणारे खुंटासाठी आणि गुलाबपाणी काढणारे फुलांसाठी जो 'एडवर्ड' गुलाब वापरतात तो याच कुळातला. त्याचं शास्त्रीय नाव 'रोझा बोर्बोनियाना'. बेटाच्या नावाचा कापूसही ईस्ट इंडिया कंपनीने दक्षिण भारतात, तिरुनेलवेली आणि कोइमतूर भागात लावून पाहिला होता.

व्हॅनिलासाठी थोडं थांबावं लागेल, कारण तिच्यामागे एक मुलगा आहे. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतली ऑर्किडची वेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बूर्बाँ बेटावर आणली. वेल छान वाढली, फुलली, पण शेंग धरेना. व्हॅनिलाच्या फुलात पराग आणि स्त्रीकेसराचं तोंड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोतल्या विशिष्ट मधमाश्या परागीकरण करतात, त्या या बेटावर नव्हत्या. शिवाय फूल जेमतेम एक दिवस टिकतं. सकाळी उमललेलं फूल दुपार ओलांडली की मिटतं आणि संधी जाते. बेल्जियममधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये काचघरात हाताने परागीकरण साधलं होतं, पण मळ्यात रोज शेकडो फुलांवर करता येईल अशी ती सोपी रीत नव्हती.

१८४१ मध्ये बेटावरच्या एका मळ्यातल्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं ती रीत शोधली. त्याचं नाव एदमों. एका हातात फूल धरायचं. बारीक काडीनं किंवा गवताच्या कडक पात्यानं फुलाचा ओठ उघडायचा, काडीच्या टोकानं आतला पडदा अलगद वर उचलायचा आणि अंगठ्यानं पराग खालच्या चिकट भागावर दाबायचा. काम काही सेकंदांचं. दुसऱ्या दिवशी फूल गळून पडलं नाही की समजायचं, शेंग धरली. ती पिकायला सुमारे नऊ महिने लागतात. मळ्याच्या मालकानं मुलाला शेजारच्या मळ्यांवर नेऊन ही रीत दाखवायला लावली आणि बेट व्हॅनिला निर्यात करू लागलं. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा एदमोंला आल्बियस हे आडनाव मिळालं. १८८० मध्ये तो गरिबीत वारला. मादागास्कर असो, इंडोनेशिया असो की केरळ, व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही हाताने परागीकरण त्याच्याच रीतीनं होतं. त्या शेंगांवर राजघराण्याचं नाव छापलं जातं, एदमोंचं नाही, ही गोष्ट मला खरोखर अन्यायाची वाटते.

नावाच्या दृष्टीनं इथे काय घडलं ते पाहा. बेटाचं नाव १८४८ मध्ये बदललं, पण व्यापाऱ्यांनी मालाचं नाव बदललं नाही, कारण गिऱ्हाईक ज्या नावानं माल मागतं तेच पेटीवर लिहावं लागतं. वेलीबरोबर रीत मादागास्करला आणि कोमोरोला गेली, त्यांच्याबरोबर नावही गेलं. आज 'बूर्बाँ व्हॅनिला' मुख्यतः मादागास्करची असते. आता ते नाव ठिकाणाचं नाही, प्रतीचं झालं आहे.

भारतातल्या दोन गोष्टी या साखळीच्या बाजूला आहेत. भोपाळमध्ये बूर्बाँ आडनावाचं एक ख्रिस्ती कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहतं. आपला मूळ पुरुष फ्रान्सच्या राजघराण्यातला होता आणि तो अकबराच्या काळात हिंदुस्थानात आला, अशी त्यांची परंपरा सांगते. तिला भक्कम कागदोपत्री पुरावा मिळत नाही. पण या घराण्यातला बाल्थाझार बूर्बाँ, ज्याला 'शहजाद मसीह' म्हणत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भोपाळ दरबारात मोठा अधिकारी होता, हे इतिहासात नोंदलेलं आहे. दुसरी गोष्ट बिस्किटाची. लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने १९१० मध्ये ते 'क्रिओला' या नावानं बाजारात आणलं आणि नंतर त्याला राजघराण्याचं भारदस्त नाव दिलं. त्यात व्हिस्की नसते. भारतात ब्रिटानियाने ते लोकप्रिय केलं.

आता अमेरिका. तिथे नाव दोनदा पोचलं. पहिल्यांदा फ्रेंचांबरोबर : मिसिसिपीच्या मुखाशी १७१८ मध्ये न्यू ऑर्लीन्स वसलं आणि काही वर्षांत रस्ते आखताना एकाला राजघराण्याचं नाव मिळालं. तोच आजचा बर्बन स्ट्रीट. दुसऱ्यांदा कृतज्ञतेपोटी. इंग्रजांविरुद्धच्या युद्धात सोळाव्या लुईने अमेरिकनांना सैन्य, आरमार आणि पैसा पुरवला होता. त्याची आठवण म्हणून व्हर्जिनियाच्या विधानसभेने १७८५ मध्ये पश्चिमेकडच्या विस्तीर्ण मुलखात बर्बन परगणा निर्माण केला. पुढे हा भाग केंटकी राज्यात आला. परगण्याच्या मुख्य गावाचं नाव १७९० मध्ये पॅरिस ठेवलं गेलं. लुईव्हिल हे शहरही त्याच लुईच्या नावाचं. ज्या राजाला १७९३ मध्ये त्याच्या देशात गिलोटिनवर चढवलं, त्याचं नाव केंटकीच्या शेतकऱ्यांनी जपलं.

परगणा सुरुवातीला इतका मोठा होता की पुढे त्याचे अनेक परगणे झाले, तरी लोक त्या सगळ्या भागाला 'जुना बर्बन' म्हणत राहिले. तिथे मका भरपूर पिकत असे, पण डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात धान्य नेणं परवडत नसे. मक्याची दारू गाळली की तेवढ्याच वजनात किंमत कितीतरी वाढे. पिंपं ओहायो नदीवरच्या बंदरात होडीवर चढत आणि मिसिसिपीने न्यू ऑर्लीन्सला जात. 'बर्बन व्हिस्की' असा उल्लेख असलेली जुन्यातली जुनी ज्ञात जाहिरात १८२१ मधली, केंटकीतल्या पॅरिस गावच्या वृत्तपत्रातली आहे. व्हिस्कीचं नाव परगण्यावरून पडलं की न्यू ऑर्लीन्सच्या त्या रस्त्यावरून, याबद्दल तज्ज्ञांत दोन मतं आहेत. मला परगण्याची बाजू जास्त पटते, कारण जाहिरात परगण्यातली आहे. कुठलंही मत धरलं तरी नाव जातं त्याच राजघराण्याकडे आणि त्याच झऱ्याकडे.

व्हॅनिलाच्या नावाचं जे झालं तेच पुढे व्हिस्कीच्या नावाचं झालं, फक्त इथे त्याला कायद्याची जोड मिळाली. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बर्बन हे अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. नियमाप्रमाणे धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि दारू आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरायला हवी. ती अमेरिकेत कुठेही गाळलेली चालते. केंटकीची अटसुद्धा नाही. मूळ बर्बन परगण्यातल्या भट्ट्या दारूबंदीच्या काळात बंद पडल्या आणि त्यानंतर कित्येक दशकं तिथे बर्बन गाळलीच जात नव्हती.

परगण्याचं नावही पश्चिमेकडे सरकत राहिलं. कॅन्ससमधल्या बर्बन परगण्याला केंटकीच्या परगण्यावरून नाव मिळालं. मिसुरी राज्यात बर्बन नावाचं एक गाव आहे, त्याची हकीकत वेगळी. १८५०च्या दशकात तिथून रेल्वे टाकली जात होती. मजुरांना लागणाऱ्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानाच्या ओसरीवर व्हिस्कीचं पिंप ठेवलेलं असे आणि त्यावर 'बर्बन' असं लिहिलेलं असे. मजूर त्या जागेलाच बर्बन म्हणू लागले, तेच पुढे गावाचं नाव झालं, असं गावकरी सांगतात. गावच्या पाण्याच्या टाकीवर आज ते मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे.